महालक्ष्म्या फ्लॅटमध्ये मावतील का?

प्रश्न : काकू, मी चार भावांतल्या थोरल्याची बायको, वय एकसष्ट. महाल भागातल्या जुन्या घरी भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा गौरी, बसायच्या तेव्हा पन्नास-साठ पानं उठायची. ते घर विकलं. आता मानेवाड्याला तीन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि माझे गुडघे गेलेत. मुलं पुण्या-बंगलोरला. धाकटे भाऊजी म्हणतात, ‘वहिनी, पुरे आता, देवीची क्षमा मागून मोकळ्या व्हा.’ पुतणे म्हणतात, हॉल घेऊ, केटररला सांगू. माझी मुलगी तर स्पष्टच बोलली, ‘आई, तू राबतेस, बाकीचे जेवून जातात. मला त्यात पडायचं नाही.’ पण हे थांबलं की माणसंही यायची थांबतील, अशी भीती वाटते. काय करू?
— एक मोठी सून, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या मुलीचं वाक्य मी दोनदा वाचलं. पोरगी खरं बोलून राहिली. म्हणून तिच्यापासूनच सुरू करते.

आपल्याकडे दिवाळी ज्याची त्याच्या घरी होते, लग्नं हॉलमध्ये होतात. सगळं खानदान एका छताखाली येतं ते महालक्ष्म्यांनाच. अनुराधावर आणायच्या, ज्येष्ठावर जेवू घालायच्या, मूळ नक्षत्रावर बोळवायच्या. तीन दिवस हक्काचे. पण ते छत कोणाच्या पाठीवर उभं असतं, हे आम्ही कधी विचारलंच नाही. इतवारीतल्या आमच्या घरी आजी पहाटे चारला चुलीपाशी बसायची आणि रात्री दहाला, शेवटच्या पंगतीनंतर, उरलेल्या कढीशी भात कालवून खायची. माझी एक काकू बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. त्या वर्षीपासून सोळा भाज्या तिनंच चिरायच्या, पण पूजेच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. तिची मुलगी कॉलेजात गेली आणि महालक्ष्म्यांना यायची बंद झाली. घरात सगळे म्हणाले, शिकून शहाणी झाली. कोणी तिला कारण विचारलं नाही.

आजी गेली, वाटण्या झाल्या, मुखवट्यांची पेटी माळ्यावर गेली. अकरा वर्षं आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या नाहीत. मग मोठे बाबा गेले तेव्हा अंबाझरी घाटावर एका पोरानं मला पाण्याची बाटली आणून दिली आणि अदबीनं विचारलं, ‘तुम्ही कुणाकडच्या?’ माझ्या सख्ख्या चुलतभावाचा मुलगा तो! त्याच संध्याकाळी मी भावाला म्हटलं, पेटी खाली काढ.

हॉलचा प्रयोग आम्हीही आधी केला होता. वर्धा रोडवर एक लॉन, डिसेंबरची थंडी, बुफे, माइकवर अंताक्षरी. साडेनऊला सगळे आपापल्या गाड्यांत. वाईट काही झालं नाही, पण त्या रात्रीचं एकही बोलणं कुणाला आठवत नाही. हात रिकामे असले की पोरं मोबाइल काढतात, मोठे प्लॉटचे भाव काढतात.

उलट पेटी खाली काढली त्या वर्षी फुलोऱ्याची, म्हणजे देवीवर टांगायच्या तळणाची, वेणी-फणी पोरांना करायला बसवलं. कणकेच्या फणीचे दात सुरीनं कापायचे असतात, आणि ते जवळ पडले की तेलात चिकटतात. तो घाटावरचा पोरगा आणि माझी भाची, दोघंही पहिल्यांदाच भेटत होते. पहिल्या चार फण्यांचा पार लाडू झाला. पाचवीच्या वेळी विधवा काकूनं स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘अरे, दात आधी कोरडे होऊ द्या ना बापा!’ आणि ती येऊन त्यांच्यात बसली, देवीच्या पुढ्यात, उंबऱ्याच्या आत. कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी तिची मुलगी आली.

तेव्हा ताई, बंद करू नका, हॉलही घेऊ नका. काम वाटा. नुसतं काम नाही, अधिकारही. मुलीला ‘मदतीला ये’ म्हणू नका. या वर्षी काय गाळायचं ते तिला ठरवू द्या. सोळा भाज्या चार घरांत चार-चार वाटल्या की कुणाचीच कंबर मोडत नाही. (आमचा एक जावई कारल्याची करतो. दरवर्षी कडूच होते आणि दरवर्षी संपते.) आंबील मात्र घरीच करा, तिचा वास जिन्यापर्यंत गेला पाहिजे. पन्नास पानं फ्लॅटमध्ये एकदम मावणार नाहीत, पण तीन पंगतींत मावतात, आणि वाढायला पुतणे आहेतच.

भाऊजींनाही एक विचारा: चार भावांत पाळी लावायची का? काही घरांत महालक्ष्म्या थोरल्याकडेच राहतात, काहींत फिरत्या असतात. ‘आमच्यात चालत नाही’ असं ते म्हणाले तर विचारा, मग बंद करणं कसं चालतं?

मुलांच्या तिकिटांचं आताच बघा. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलंय. पंचांगातली तारीख वर्षभर आधी कळते, तरी आपल्याकडची माणसं गणपती बसल्यावर जागी होतात आणि मग ट्रॅव्हल्सवाल्याला दुप्पट पैसे मोजतात. पूजेचा दिवस आठवड्याच्या मधे आला आणि कुणाला एकच रजा मिळत असेल, तर ती आदल्या दिवशीची घ्यायला सांगा. जेवायला उशिरा पोचलं तरी चालतं, फुलोरा तळायला माणसं लागतात.

आणि पेटी उघडाल तेव्हा आधी कोठ्यांचं, म्हणजे मुखवटे ज्यांवर बसवतात त्या पत्र्याच्या धडांचं, बूड बघा, पत्रा गंजलेला असतो. मुखवट्यांचा रंग उडाला असेल तर श्रावणातच मूर्तिकारांच्या चितार ओळीत नेऊन द्या. पुढे गणपतींची गर्दी झाली की कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. नेताना मुलीला बरोबर न्या. नथ कुठल्या बाजूला रंगवायची यावरून आमच्याकडे अजून वाद आहे.