ज्यू विद्वान सॉलोमन शेक्टर यांनी कैरोच्या सिनेगॉगमधले (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातले) कागद केंब्रिजला नेले, हे योग्य होतं का? आणि ते मोठे कशात, रब्बी (ज्यू धर्मगुरू) म्हणून की अभ्यासक म्हणून?

योग्यच होतं. मी असतो तर कोठीचा केरसुद्धा पोत्यात भरून नेला असता.

देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून बेन एझरा सिनेगॉगच्या कोठडीत शेकडो वर्षं कागद पडत गेले. १८९६ साली लुईस आणि गिब्सन या जुळ्या बहिणींनी आणलेल्या एका फाटक्या पानात शेक्टरना बेन सिरा या प्राचीन ज्यू ग्रंथाचं हरवलेलं मूळ हिब्रू दिसलं आणि ते त्याच हिवाळ्यात कैरोला पोचले. छापील ते बहुतेक मागे ठेवलं, हाताचं लिहिलेलं उचललं. सुमारे १,९३,००० तुकडे! खोक्यांच्या गराड्यात कपाळाला हात लावून बसलेल्या शेक्टरांचा फोटो पाहा.

आमच्या माळ्यावर आजोबांचे मोडी कागदांचे चार रुमाल होते. वाडा विकायच्या वेळी दादा म्हणाला, वाळवी लागलीय, हे आता नव्या घरात नको. मी कामावरून येईपर्यंत तीन रुमाल रद्दीवाल्याच्या काट्यावर. चौथा मी हिसकावून घेतला. त्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा कागद निघाला. दादा अजून हसतो, "सापडलं काय, तर भाऊबंदकी!"

अहो, मंगळुरात राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याच्या पत्रांत तरी काय आहे? हिशेब, आणि एडनहून पाठवलेला कागद, साखर, मनुका. त्यावरूनच तर बाराव्या शतकातला आपल्या पश्चिम किनाऱ्याचा व्यापार कळतो. ती पत्रंही त्याच कोठडीतली, म्हणजे गेनिझातलीच.

रब्बीपणाचं म्हणाल तर जन्म १८४७चा, रुमानियातल्या फोकशानीचा. तिथून व्हिएन्ना, बर्लिन, १८८२मध्ये इंग्लंड, १९०२मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीचे प्रमुख. अमेरिकेतल्या ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा, त्यामुळे रब्बी म्हणूनही लहान नव्हेत. पण माझ्या लेखी माणूस धुळीतल्या कागदांचाच.

हां, तेव्हा इजिप्तवर इंग्रजांचा अंमल होता आणि केंब्रिजच्या साहेबाला नाही म्हणणं सोपं नसणार, एवढं मान्य. तरी शेक्टरांनी तिथल्या मुख्य रब्बींची परवानगी घेतली होती. दादानं मला फोनसुद्धा केला नाही.