आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन ॲरिझोनातल्या मेक्सिको सीमेकडे निघताय?
अहो, अजो गाव सोडून ऑर्गन पाइप या निवडुंगांच्या संरक्षित वाळवंटाकडे वळण्याआधी पाण्याची टाकी काठोकाठ भरा. पिण्यासाठी माणशी रोजचं 4 लिटर पाणी वेगळं ठेवा. इंधनाचा काटा अर्ध्यावर आला की लगेच भरून घ्यायचं. आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी कध्धीच लावू नका, जागा कितीही सपाट दिसू दे! जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लांब डोंगरावर पडतो, तुमच्या डोक्यावर चांदणं असतं, तरी लोंढा येतो. एकदा पहाटे चाकाखालची वाळू ओली होताना मी पाहिलीय. तेव्हापासून मुक्काम उंचावरच. परतीच्या वाटेवर सीमा गस्तीची चौकी लागते. ग्रीन कार्ड, नाहीतर पासपोर्ट आणि आय-94 (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) हाताशी असू द्या, घरी ठेवून येऊ नका.