मुरगाव बंदरातील हल्ला आणि न्यूरेंबर्गचे न्यायालय

प्रश्न : मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या माणसांनी मुरगाव बंदरात शिरून ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर हल्ला केला व त्यात कप्तानासह काही खलाशी मारले गेले. गोवा तर तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यात होता. मग महायुद्धानंतर या युद्धगुन्ह्याचा खटला का चालला नाही?
— एक वाचक, वास्को

उत्तर : तटस्थ देशाच्या बंदरात शत्रूच्या जहाजावर चाल करून जाण्यास १९०७ च्या हेग कराराने मनाई केली होती, हे खरे. परंतु तटस्थतेचा भंग हा एका राज्याने दुसऱ्या राज्याचा केलेला अपराध असून त्याची दाद मागायची ती पोर्तुगालने. जहाजावर चढलेल्यांना व्यक्तिशः आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे ही निराळी बाब होय. (हे हल्लेखोर म्हणजे कलकत्त्याच्या स्वयंसेवक घोडदळातील पोट सुटलेले व्यापारी आणि हिशेबनीस होते!)

शिवाय महायुद्धानंतर जर्मन नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायालयाला तसा अधिकारच नव्हता. ते ज्या सनदेने स्थापन झाले त्या ८ ऑगस्ट १९४५ च्या लंडन सनदेतील सहाव्या कलमाने युरोपातील अक्ष राष्ट्रांच्या (जर्मनी व तिच्या साथीदारांच्या) हितासाठी वागलेल्यांवरच खटला चालवण्याची मुभा त्याला दिली होती. ‘जेत्यांचा न्याय’ हा आक्षेप मुख्यतः या कलमावर उभा आहे, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

तरीही जेत्यांचे वर्तन त्या दालनात शिरलेच. जर्मन नौसेनापती कार्ल ड्योनिट्झ यांच्यावर व्यापारी जहाजे पूर्वसूचनेवाचून बुडवल्याचा आरोप होता. त्यांचे वकील क्रान्झब्यूलर यांनी अमेरिकेचे ॲडमिरल निमिट्झ यांना लेखी प्रश्न पाठवले. उत्तर आले की प्रशांत महासागरात अमेरिकी पाणबुड्यांनीही पहिल्या दिवसापासून हेच केले. ब्रिटिश नौखात्याचा ८ मे १९४० चा, स्कागेराकमधील (डेन्मार्क व नॉर्वे यांमधील सामुद्रधुनीतील) जहाजे दिसताच बुडवण्याचा आदेशही पुढे आला. न्यायालयाने ड्योनिट्झ यांना निर्दोष म्हटले नाही, मात्र त्यांची दहा वर्षांची शिक्षा पाणबुडी-युद्धाच्या नियमभंगावर आधारलेली नाही, असे निकालपत्रात नमूद केले. जपानी नेत्यांवरील टोकियोच्या खटल्यात तर अकरा न्यायाधीशांपैकी भारताचे राधाविनोद पाल यांनी जपानी सैन्याचे अत्याचार मान्य करूनही सर्व आरोपींना निर्दोष ठरवले.

राहता राहिला पोर्तुगाल, ज्याने दाद मागायची होती. मुरगावच्या घटनेनंतर पाचच महिन्यांनी, ऑगस्ट १९४३ मध्ये, त्याने अटलांटिकमधील आपल्या अझोर्स बेटांवरील तळ वापरू देण्याचा करार केला, तोही ब्रिटनशीच.