शेजारच्या मिरचीने ढोबळी तिखट होते का?

प्रश्न : गच्चीवर तिखट मिरची आणि ढोबळी मिरची यांच्या कुंड्या शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. ढोबळीची फुले देठासकट गळतात. शिवाय शेजारामुळे ती तिखट होईल का?

उत्तर : दुसरी शंका आधी मनातून काढून टाकावी. शेजारच्या झाडाचे परागकण आले तरी त्या फळाची चव बदलत नाही, कारण फळाचा गर मूळ झाडाचाच असतो. फरक पडतो तो त्यातील बियांपासून पुढे उगवणाऱ्या रोपांत. तेव्हा बी धरायचे असेल, तरच कुंड्या दूर ठेवाव्यात.

फुलगळीमागे बहुधा उष्णता असते. तापमान दिवसा ३२ अंश सेल्सिअसच्या आणि रात्री २४ अंशांच्या वर राहू लागले, की ढोबळीची फळधारणा मंदावते. तिखट मिरची त्या मानाने बरीच सोशिक. दुपारपुरती सावलीची जाळी बांधावी. पाणी घड्याळ पाहून देण्यापेक्षा मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तरच द्यावे. झाड भरदार, पाने गर्द हिरवी, पण फळ मात्र नाही, असे दिसत असेल, तर नत्रयुक्त खत काही आठवडे थांबवावे. फुले उमलल्यावर सकाळी फांदीला हलकी टिचकी मारल्यास परागीभवनास मदत होते.