विहिरीत तळाला गेलं की कान दुखतात, मग स्कूबाला कान कसे सांभाळायचे?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की धुळ्याहून मित्रांसोबत पहिल्यांदा मालवणला स्कूबा करायला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात खाली जायला चाललाय, आणि मळ्यातल्या विहिरीत सूर मारून तळाला गेलं की कान ठणकतात, तर समुद्रात पडदा फाटेल का. मी चाळीसगावकडचा, पोहायला तुमच्यासारखाच विहिरीत शिकलो आणि पहिल्याच डाइव्हला कान दुखावून घेतला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विहिरीत दुखतं म्हणजे कानात दोष आहे असं समजू नका, सगळ्यांचंच दुखतं. पडद्याच्या मागे हवेची छोटी पोकळी असते, तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे घशात उघडते, युस्टेशियन ट्यूब म्हणतात तिला. एरवी ती बंद असते, गिळताना नाहीतर जांभई देताना क्षणभर उघडते. खाली गेलं की पाणी पडद्याला आत ढकलतं, मागची हवा आकसते, आणि नळीतून नवीन हवा आत गेली नाही की पडदा ताणला जाऊन दुखतो. तोरणमाळवरून शहाद्याकडे उतरताना कान बंद होतात ना, तो सगळा हजारेक मीटरचा उतार मिळून जेवढा दाब वाढतो साधारण तेवढाच पाण्यात एका मीटरात वाढतो! गाडीत कानाला भरपूर वेळ मिळतो, पाण्यात दोन-चार सेकंद. आणि सगळ्यात त्रासाचा पट्टा वरचाच असतो, १० मीटरला दाब दुप्पट होतो म्हणजे हवा निम्मी, पण ती अजून निम्मी व्हायला थेट ३० मीटरपर्यंत जावं लागतं. म्हणून "आपण कुठं खोल चाललोय, चार-पाच मीटर तर आहे" असं म्हणून निर्धास्त राहू नका, कानाचं काम तिथंच असतं.

विहिरीची एक सवय मात्र इथं सोडावी लागते. आम्ही पोरं तळचा गाळ मुठीत आणायची पैज लावायचो, कान दुखायचे तरी दात दाबून खालीच जायचो, आजी काठावरून ओरडायची "कान दुखस का रे?" आणि सगळे एका सुरात नाही म्हणायचे. तिथं चालून जातं कारण दम संपला की माणूस आपोआप वर येतो. स्कूबात टाकीच्या नळीतून तोंडात हवा येत राहते, तुम्ही पंधरा-वीस मिनिटं खालीच असता.

माझं असं झालं की रात्रभर एसी डब्यात झोपून कुडाळला उतरलो तेव्हाच नाक थोडं जड होतं, पैसे भरलेले म्हणून मी कोणाला बोललोच नाही. पाण्यात दोनेक मीटरवर उजवा कान उघडला, डावा नाही. सोबतच्या इन्स्ट्रक्टरने बोटं गोल करून विचारलं, मीही ओकेची खूण केली, आणि अजून खाली गेलो. सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं तरी मासे बघत राहिलो. वर येऊन मास्क काढला तर आत शेंबडात रक्ताची लाल तार. जळगावच्या कानाच्या डॉक्टरांनी बघितलं, पडदा लालभडक, मागे पाणी साचलेलं, महिनाभर पाण्यात उतरायचं नाही म्हणाले. तो महिनाभर डाव्या कानाला सगळं माठात तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू यायचं.

त्यानंतर नीट कोर्स केला तेव्हा कळलं की दुखायच्या आधी दाब काढायचा असतो, दुखायला लागलं म्हणजे आपण उशीर केलेला असतो. कारण मीटर-दीड मीटरचा फरक पडला की त्या नळीचं मऊ तोंड दाबानेच चिकटून बसतं, मग कितीही फुंका, उघडत नाही, उलट जोर लावला तर आतल्या कानाला इजा होते आणि ती कधीकधी कायमची असते. तेव्हा पहिल्यांदा दाब काढायचा तो बोटीवर, नाहीतर पाण्यावर तरंगत असतानाच, आणि मग दर अर्ध्या मीटरला.

काढायचा कसा, तर मास्कला नाकाच्या जागी मऊ रबर असतं ते चिमटीत धरायचं, तोंड बंद, आणि नाकातून हलकेच हवा सोडायचा प्रयत्न करायचा, जोर शिंकरण्यापेक्षाही कमी. दोन्ही कानांत बारीक "टिच्" असं ऐकू येतं. हिला वालसाल्वा म्हणतात, १७०४ मध्ये कानावर ग्रंथ लिहिणाऱ्या इटालियन डॉक्टरच्या नावाने. नाक धरून आवंढा गिळला तरी काही जणांचं उघडतं. मला स्वतःला फ्रेन्झेल जास्त आवडते, नाक धरायचं, घसा दम रोखल्यासारखा बंद करायचा आणि "क" म्हणताना जीभ मागे जाते तशी वर ढकलायची, छातीचा जोर लागतच नाही. ही शिकायला थोडे दिवस लागतात, म्हणून आजपासून आरशासमोर दिवसातून पाच-सहा वेळा हलक्या हाताने करून बघा. एक कान उघडतच नसेल तर जायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

उतरताना पाय खाली, डोकं वर ठेवा, डोकं खाली करून सूर मारू नका, उभ्याने नळी सोपी उघडते. मी दुसऱ्या वेळी बोटीच्या नांगराचा दोर धरून उतरलो, एक हात खाली, टिच्, दुसरा हात खाली, टिच्, पाच मीटरला दोन-तीन मिनिटं लागली असतील आणि पूर्ण डाइव्हभर कान आहेत हेसुद्धा जाणवलं नाही. नाही उघडला तर तिथंच थांबा, मीटरभर वर या, परत करा. इन्स्ट्रक्टरला सांगायचं म्हणजे पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग कानाकडे बोट दाखवायचं. अंगठा वर दाखवू नका, पाण्याखाली त्याचा अर्थ "मस्त" असा होत नाही, "वर चला" असा होतो. उतरायच्या आधीच त्यांना सांगून ठेवा की माझे कान हळू उघडतात, घाई करू नका.

आणि कानात बोळे, इअरप्लग काही घालायचं नाही, बोळा आणि पडदा यांच्यात हवा अडकते ती वेगळाच घोळ करते. पोहायचा गॉगल पण चालत नाही कारण नाक बाहेर राहतं, मग गॉगलच्या आत नाकातून हवा सोडता येत नाही आणि तो डोळ्यांवर दाबला जातो. आपल्याकडे कान दुखला की लसूण घालून कोमट तेल सोडतात, डाइव्हनंतर दुखला तर ते अजिबात करू नका, पडदा फाटलेला असेल तर तेल सरळ आत जाईल. खाली असताना अचानक गरगरलं तर दोर नाहीतर इन्स्ट्रक्टरचा हात धरून थांबा, श्वास चालू ठेवा.

सर्दी असेल तर जाऊच नका. गोळी घेऊन, नाकात थेंब टाकून जाणारे खूप आहेत, पण खाली असतानाच औषधाचा असर संपला तर वर येताना कानातली हवा बाहेर पडत नाही आणि तेव्हा तुम्हाला खाली थांबायचीही सोय नसते. त्यामुळे बुकिंग करतानाच विचारून ठेवा की सर्दी झाली तर तारीख बदलून मिळेल का, आणि रात्रीच्या प्रवासात रुमाल बांधून झोपा.