घर सांभाळून पुण्यातून मराठी गाण्यांचं डिजिटल वितरण (गायकांची गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवून देणं) जमेल का?

जमेल, पण घरातला गणपती आणि धंद्याचा हंगाम एकाच वेळी येतो, हे आधी घरच्यांशी बोलून घ्या. प्रत्येक मंडळाला, प्रत्येक गायकाला गाणं गणपतीआधीच हवं असतं. त्यामुळे फाइल स्वीकारायची शेवटची तारीख चार आठवडे आधीची ठेवा आणि कोणासाठीही मोडू नका. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायलाच ते प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी द्यावं लागतं.

गाण्याची फाइल वेव्ह (WAV) प्रकारची, 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ हवी. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेल हवं, त्यावर फोन नंबर किंवा यूट्यूबचं चिन्ह असेल तर परत येतं. सगळ्यात जास्त घोळ नावांचा. गायकाच्या नावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की गाणं भलत्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसतं. रेकॉर्डिंगचा 12 अक्षरी आयएसआरसी कोडही (त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) वहीत लिहून ठेवा. गाणं पुन्हा चढवताना नवा कोड टाकलात, तर जुन्या प्लेंचा आकडा तुटतो.

करार लेखीच हवा. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क 5 वर्षांपुरतेच मिळतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. गीतकार-संगीतकारांना आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं) सभासद व्हायला सांगा, त्यांचा तो हक्काचा पैसा आहे.

रॉयल्टी साधारण दोन-तीन महिने उशिरा येते. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि मुलांची फी वेगळ्या खात्यात टाका, कलाकारांच्या पैशाला त्यासाठी हात लावू नका.