नंबर लागला, आता वर्गात बस

अंबाजोगाई,
श्रावण लागायच्या आत

प्रिय लेकरा,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या वडिलांचा फोन आला. "सर, पोरीचा संभाजीनगरच्या विद्यापीठात नंबर लागला," एवढं बोलले आणि लगेच सोयाबीन कसं उगवलं, पाऊस किती झाला यावर आले. फार आनंद झाला की आपल्याकडची माणसं अशीच पिकापाण्यावर येतात. मला मात्र रात्री झोप लागली नाही. तू काही माझी वर्गातली विद्यार्थिनी नाहीस, मी निवृत्त झालो तेव्हा तू शाळेत असशील. पण बी.ए.ची तीन वर्षं पुस्तकं न्यायला घरी यायचीस, आणि नेलेलं पुस्तक वाचून आणायचीस. त्या हक्कानं लिहितोय.

एम.ए. इतिहास म्हटल्यावर गावात लोक काय म्हणाले असतील ते मला ठाऊक आहे. "करून काय मिळणार?" विचारणाऱ्याला उत्तर देत बसू नकोस. पण तुझ्याच बरोबरची पोरं-पोरी एक दुसरी गोष्ट सांगतील, तिच्याविषयी मात्र मला बोलायचंय. ती म्हणतील, "प्रवेश घेऊन ठेव, हॉस्टेल मिळतं, लायब्ररी मिळते, दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास होतो. तासाला कोण बसतंय?" मराठवाड्यात ही रीतच पडून गेली आहे. विभागाच्या पटावर नावं असतात, तासाला पाच-सहा पोरं असतात, बाकीची रूमवर नाहीतर अभ्यासिकेत चालू घडामोडी पाठ करत असतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरी कोरडवाहू जमीन, शहरात राहायला परवडत नाही, नोकरीच्या जागा निघतात तेव्हा वय निघून जाईल ही भीती. ही पोरं आळशी नाहीत, अडलेली आहेत. स्पर्धा परीक्षा तुलाही द्यायची असेल तर जरूर दे. पण त्यासाठी वर्ग सोडू नकोस. या पत्रात मला सांगायचंय ते एवढंच, बाकीचं सगळं त्याच्याच अवतीभवती आहे.

आता अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आहे. विद्यापीठांच्या विभागांत तो २०२३-२४ पासून आला. पहिल्या दिवशी तुला क्रेडिट, मेजर, इलेक्टिव्ह असे शब्द ऐकवतील. घाबरू नकोस. क्रेडिट म्हणजे तासांचा हिशेब. वर्गात शिकवण्याचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ तास. एका सत्राला वीस ते बावीस क्रेडिट असतात, म्हणजे तीनशे ते तीनशे तीस तास. एवढे तास कुणीतरी तुझ्यासमोर उभं राहून, फक्त तुम्हा दहा-वीस जणांसाठी बोलणार आहे. पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीचा पेपर असतो, चार क्रेडिटचा. पोरं तो गाईडमधून उरकतात. तू तो मन लावून कर, कारण इतिहासाचा विद्यार्थी आणि इतिहास आवडणारा माणूस यांच्यात फरक पडतो तो तिथंच. दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. एका वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायची सोयही आहे. ती अडचणीत सापडलेल्यासाठी आहे, कंटाळलेल्यासाठी नाही. क्रेडिटच्या खात्यासाठी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, लागेल, तो आधारवरच्या नावाशी जुळतो का ते आत्ताच बघून घे. तुझ्या दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं आहे, हे मला आठवतं.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. मी एम.ए.ला गेलो ते १९७९ साली, तेव्हाच्या औरंगाबादला. पैशाची ओढाताण होती म्हणून सकाळी एका दुकानात हिशेब लिहायचो आणि दुपारच्या तासांना निम्मे दिवस दांडी मारायचो. आम्हाला शिकवणारे एक सर पोरांना घेऊन हैदराबादच्या पुराभिलेखागारात जायचे. निजामाच्या राज्याचं जुनं दप्तर तिथं आहे. आठ दिवस राहायचं, कागद कसा मागायचा, कसा हाताळायचा, नोंद कशी घ्यायची हे शिकायचं. परीक्षेत यावर प्रश्न येत नाही म्हणून मी गेलो नाही. सरांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. पुढं बारा वर्षांनी पीएच.डी.साठी त्याच इमारतीच्या पायऱ्या चढलो. समोर मराठवाड्याच्याच गावांचे कागद होते, आणि मला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. एका वृद्ध गृहस्थांना पानामागं पैसे देऊन मी आपल्याच गावांची नावं वाचून घेतली. तेव्हा लाज वाटली, अजूनही वाटते.

म्हणून तुमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीची गोष्ट काढतो. तुझ्या आजोबांच्या वर्षश्राद्धाला मी आलो होतो, आठवतं? वडिलांनी पेटीतून एक कागद काढून दाखवला. चार घड्या पडलेला, घडीवर फाटलेला, कडेला वाळवीनं खाल्लेला. वरच्या बाजूला गोल शिक्का, खाली उर्दू मजकूर, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी नंतर पेन्सिलीनं मराठीत लिहिलेला गट नंबर. वडील म्हणाले, "बाबा वाचायचे, आम्हाला येत नाही." आजोबा निजामाच्या काळातल्या शाळेत उर्दू शिकलेले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, शाळा मराठी झाली, ते व्हायलाच हवं होतं. पण त्यासोबत एका पिढीनंतर घरातलाच कागद घरातल्यांना परका झाला. तुमच्याच घरी नाही, मराठवाड्यातल्या गावोगावच्या घरी हे झालंय. तहसिलांच्या अभिलेख कक्षात लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली तेव्हा ते गठ्ठे सोडावे लागले, आणि मोडी नि उर्दू वाचणारी माणसं हुडकत फिरायची वेळ आली. आठ जिल्ह्यांचा प्रदेश आपला. त्यातल्या एका विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्या पोरीनं हे काम अंगावर घ्यायला नको का? उर्दूची लिपी महिना-दीड महिन्यात ओळखीची होते, सहा महिन्यांत छापील वाचता येतं. हस्ताक्षर वाचायला वर्ष जाईल, जाऊ दे. शहरात उर्दू शिकवणारे पावलोपावली भेटतील. पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय संभाजीनगरलाच आहे, मोडीच्या प्रशिक्षण वर्गाची तिथं चौकशी कर.

हे विद्यापीठ आपल्याकडं कसं आलं ते तुला माहीत असेल, तरी सांगतो. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, १९१८ चं, आणि तिथली शिक्षणाची भाषा उर्दू. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. मराठवाड्यासारख्या मागं पडलेल्या भागात, मागं ठेवलेल्या पोरांसाठी. भाषावार पुनर्रचनेत १९५६ ला आपले तेव्हाचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. पंडित नेहरू उद्घाटनाला आले होते. पहिले कुलगुरू डोंगरकेरी. मुक्तीला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती! म्हणजे माझ्या आधीच्या पिढीला पदवीसाठी राज्याच्या राजधानीकडं तोंड करावं लागायचं, आणि तुला एका एस.टी.च्या अंतरावर एम.ए. करता येतंय.

आणि त्या नावाबद्दल. मी गेलो त्याच्या आदल्याच वर्षी, २७ जुलै १९७८ ला, विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव झाला होता आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांत दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. घरं जळाली, माणसं मारली गेली. माझ्या बाकावर बसणारा मित्र उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलाच नाही, कारण जायला घर नव्हतं. आम्ही एकाच ताटात जेवायचो, पण मी त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं नाव झालं. तू पहिल्या वर्षी १४ जानेवारीला गावी जाऊ नकोस, संक्रांत पुढच्या वर्षी घरी कर. त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर थांब. खेड्यापाड्यांतून बायका लेकरं कडेवर घेऊन येतात, कमानीला हात लावून तो हात कपाळाला लावतात. त्यांतल्या कित्येकींनी आतला एकही वर्ग पाहिलेला नसतो. त्यांच्याशी बोल. तुझ्या अभ्यासक्रमातल्या 'सामाजिक चळवळी' या प्रकरणात जे नाही ते तिथं कळेल.

विद्यापीठात सगळं छान असेल असं मी म्हणत नाही. विभागांत मंजूर असलेल्या जागा रिकाम्या राहतात, बरेच तास तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात. त्यांचं मानधन वेळेवर मिळत नाही, पुढच्या वर्षी ते असतील की नाही हे त्यांनाही माहीत नसतं. तरी तयारी करून येतात. अशा सरांच्या किंवा मॅडमच्या तासाला तू पहिल्या बाकावर बसावंस अशी माझी इच्छा आहे. निकाल लांबतात, वेळापत्रक बदलतं, कार्यालयात एका सहीसाठी तीन खेपा होतात. त्यावर चिडायचं तर चीड, लेखी अर्ज दे, पोच घे. वर्ग सोडणं हा त्यावरचा इलाज नाही. वर्ग रिकामा दिसला की उद्या जागा भरायचीही गरज कुणाला वाटत नाही, हे मी माझ्या नोकरीत पाहिलंय.

पैशाचं थोडक्यात सांगतो. फी भरायची वेळ आणि बी-बियाणं-खतांची वेळ एकच येते, हे वडील तुला सांगणार नाहीत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या आठवड्यात भर, शेवटच्या तारखेला ते संकेतस्थळ हलत नाही. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का बघ, पुष्कळांचे पैसे तिथंच अडकतात. २०२४ पासून मुलींना जी फी माफी आहे ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, एम.ए.ला ती मिळेलच असं धरून चालू नकोस, विभागात विचार. कमवा व शिका योजनेत नाव घाल. तिथं काम करण्यात कमीपणा मानणाऱ्या मुलींशी दोस्ती नाही केली तरी चालेल. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून दर शनिवारी गावी पळू नकोस. आईची आठवण येईल, पहिले दोन महिने फार येईल. आईला सांगून एस.टी.नं डबा मागव, पण रविवार तिथंच काढ. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात लेणी आहेत, जवळच सोनेरी महाल आहे, विद्यापीठाचं स्वतःचं इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. आपल्याकडची पोरं दोन वर्षं राहून लेणी न बघता परत येतात. मैत्रिणींना घेऊन सकाळी लवकर जा. पाण्याची बाटली ने.

प्रकल्पाचा विषय कोणता घ्यावा असं तू मागं विचारलं होतंस. घाई नको. पण मोठमोठ्या घराण्यांवर शंभर जणांनी लिहिलेलं पुन्हा लिहू नकोस. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली, खडी फोडायला गेलेली माणसं अजून आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या तीन पिढ्या तुझ्या गल्लीत आहेत. तुझी आजी तर त्या दोन्हींत मोडते. तिला बसवून विचार, मोबाईलवर रेकॉर्ड कर, तारीख-वार लिहून ठेव. तिचं वय बघता हे काम सत्र सुरू व्हायची वाट बघण्याचं नाही.

दिवाळीच्या सुटीत येशील तेव्हा तो पेटीतला कागद घेऊन माझ्याकडं ये. तोवर तुला अलिफ-बे आलेलं असेल, माझं मोडकंतोडकं आहेच, दोघं मिळून गावाचं नाव तरी लावू. आणि वडिलांना आजच फोन करून सांग, तो कागद लॅमिनेशन करून घेऊ नका. परवा फोनवर म्हणत होते की तालुक्याला गेलो की करून आणतो. त्या उष्णतेनं आणि प्लास्टिकनं जुना कागद कायमचा जातो, परत सोडवता येत नाही. सुती धुवट फडक्यात सैल गुंडाळून, पेटीत सगळ्यात वर ठेवायला सांग. चिकटपट्टीही लावू नये म्हणावं.

तुझा,
सर